उत्कृष्ट सासू ठरली, उत्कृष्ट ध्वनी कुणाचा?

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे प्रमुख आणि कार्यक्रम विभाग,
मुंबई.



तुमच्यापैकी बहुतेकांचा वर्षातून एकदा पुरस्कार सोहळा असतो. नायक, नायिका, खलनायिका, सासू, सून, जोडी, कुटुंब अशी त्यात वर्गवारी असते, मतं प्रेक्षक देतात, आणि त्या आठवड्यात टीआरपी जरा वर सरकतो. याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या मालिका लोक घरातल्या घडामोडींसारख्या पाहतात, तेव्हा सासूला पुरस्कार मिळायलाच हवा. नाही मिळाला तर उरलेलं वर्षभर ती तो राग कुणावर काढेल, सांगता येत नाही.

पण ती सासू ज्या अर्धवट उजेडात कारस्थान शिजवते तो उजेड कुणी लावला, तिची कुजबुज डोंबिवलीतल्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतूनही ऐकू आली ती कुणामुळे, आणि ती वळून पाहते त्या नेमक्या क्षणी आपणही दचकलो ते कुणी ठरवलं, याला तुमच्या सोहळ्यात फारशी जागा नसते. ज्या वर्षी तांत्रिक पुरस्कार दिले जातात त्या वर्षीही ते बहुधा पाहुणे खुर्च्या शोधत असतानाच उरकले जातात, आणि प्रक्षेपणात त्यांच्या वाट्याला दोन नाचांच्या मधली एक झलक येते. मी मालिकांचं संकलन करतो. अंधेरीच्या एका एडिट रूममध्ये माझा दिवस सुरू होतो आणि बहुतेक वेळा दुसरा दिवस उजाडल्यावर संपतो. नव्वद दिवसांनी हातात पडणाऱ्या पैशांबद्दल हे पत्र नाही. तो विषय संघटना लढवत आहेत. हे पत्र पारखीबद्दल आहे.

एक ध्वनीचंच घ्या. आपले बरेचसे सेट पत्र्याच्या शेडमध्ये उभे असतात. गोरेगावची चित्रनगरी असो, मढ असो नाहीतर घोडबंदर रोड; वर पत्रा, आत तीन भिंतींचा वाडा. जुलैमध्ये पाऊस धरला की समोरासमोर बोललेलंही धड ऐकू येत नाही. प्रसंग मात्र असतो देवघरातला, मध्यरात्रीचा. साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला असतो. लेपल माइक पदराच्या आत टेपनं चिकटवलेला. काठ जरीचा असेल तर त्याची खरखर येते, हातात चुडा असेल तर किणकिण, आणि मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर आपटल्या की थेट टकटक. तो वाट्यांच्या मागे टेपचा तुकडा लावून घेतो. पंखे, एसी, सेटवरचा खरा फ्रिज बंद करायला लावतो. (पॅकअपला तो फ्रिज पुन्हा सुरू करायचा राहिला आणि दूध नासलं, तर शिव्याही त्यालाच.) सर ओसरायची वाट पाहू या, असं तो सुचवून बघतो. दिग्दर्शकाकडे वाट पाहायला वेळ नसतो, कारण आधी तयार करून ठेवलेल्या भागांची बँक कधीच संपलेली असते आणि हा भाग परवा रात्री जायचा असतो. मग सीन तसाच घेतात.

माझ्याकडे फुटेज येतं तेव्हा सासूच्या शॉटमध्ये मुसळधार पाऊस आणि सुनेच्या शॉटमध्ये रिमझिम. एका वाक्यावरून दुसऱ्यावर कट केला की आकाश फाटतं आणि लगेच शिवलं जातं. पण त्या पठ्ठ्यानं सीन संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट नुसता पाऊस वेगळा घेऊन ठेवलेला असतो. तो खाली पसरला की सांधा दिसत नाही. सगळे जेवायला पळत असताना युनिटला अर्धा मिनिट स्तब्ध उभं करणं ही काय चीज आहे, हे सेटवर काम केलेल्या माणसालाच कळेल. प्रेक्षक त्या प्रसंगात रडतात आणि सासूला मत देतात. योग्यच आहे, तिनं काम चांगलंच केलेलं असतं. पण त्या अर्ध्या मिनिटाला प्रेक्षकांकडून मत मिळणं शक्यच नाही. ध्वनिमुद्रण, संकलन, प्रकाशयोजना यांचं काम चोख झालं की ते कळत नाही, आणि बिघडलं तरच मीम होऊन फिरतं. म्हणून ही पारख त्या धंद्यातल्या लोकांनीच करायची असते.

अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांत नेमकं हेच केलं जातं, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. त्यांचा पहिला समारंभ 25 जानेवारी 1949 रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड ॲथलेटिक क्लबमध्ये झाला. टेलिव्हिजन तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं. इनमिन सहा पुरस्कार. त्यातला एक शर्ली डिन्सडेल या बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या तरुण मुलीला मिळाला, आणि एक मिळाला चार्ल्स मेसॅक यांना, 'फेजफेडर' नावाच्या तांत्रिक उपकरणासाठी. पुरस्काराची मूर्ती घडवणारे लुई मॅकमॅनस हेही टेलिव्हिजन अभियंते. त्यांनाही त्या रात्री विशेष सन्मान मिळाला. मूर्ती पंख असलेल्या स्त्रीची आहे, तिनं हातात अणू उचलून धरलाय. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा. एमी हे नावही इमेज ऑर्थिकॉन या कॅमेऱ्याच्या नळीच्या लाडक्या नावावरून आलेलं. तंत्रज्ञ तिथे मागाहून रांगेत येऊन उभे राहिलेले नाहीत, पहिल्याच रात्री बाहुलीवालीच्या बरोबरीनं त्यांचं नाव पुकारलं गेलंय.

पुढे पुरस्कार वाढत गेले आणि तांत्रिक व कलाविषयक पुरस्कारांचा वेगळा सोहळा झाला, क्रिएटिव्ह आर्ट्स एमी. मुख्य समारंभाच्या आधीच्या शनिवार-रविवारी लॉस एंजेलिसमध्ये, अलीकडे सहसा दोन रात्री तो चालतो. मुख्य रात्री पंचवीसेक पुरस्कार दिले जातात, तर इथे नव्वदच्या आगेमागे. संकलनातसुद्धा नाट्यमालिकेचं वेगळं, एका कॅमेऱ्यावर केलेल्या विनोदी मालिकेचं वेगळं, अनेक कॅमेऱ्यांवर केलेल्या विनोदी मालिकेचं वेगळं. आजच्या काळातली केशरचना वेगळी, ऐतिहासिक केशरचना वेगळी. ध्वनीचं मिश्रण वेगळं, ध्वनीचं संकलन वेगळं. शीर्षकदृश्यांना पुरस्कार आहे, पात्रनिवडीला आहे, स्टंटला आहे. विनोदी कार्यक्रमांत मशीनमधून हसू पेरण्याची युक्ती काढणारे चार्ली डग्लस यांनासुद्धा 1992 मध्ये तांत्रिक कामगिरीसाठी एमी मिळाली. आपल्याकडे त्या हशानं जो उच्छाद मांडलाय तो पाहता या एका पुरस्काराबद्दल माझं मत राखून ठेवतो.

आता 2024 सालची 'शोगुन' ही मालिका बघा. बरीचशी जपानी भाषेत बोलणारी, सतराव्या शतकाच्या तोंडावरचा जपान उभा करणारी. तिला त्या वर्षी 18 एमी मिळाल्या, एका मोसमात कुठल्याही मालिकेला मिळालेल्या सर्वाधिक. त्यांतल्या 14 क्रिएटिव्ह आर्ट्सच्या सोहळ्यात मिळाल्या: छायालेखन, कलादिग्दर्शन, वेशभूषा, केशरचना, दोन प्रकारची रंगभूषा, संकलन, ध्वनी, दृश्य परिणाम, स्टंट वगैरे. मुख्य रात्री चारच: मालिका, नायक, नायिका आणि दिग्दर्शन. म्हणजे आठवडाभर आधीच तंत्रज्ञांनी विक्रम करून ठेवला होता. हिरोयुकी सानादा आणि ॲना सावाई यांच्या नावांनी नंतर त्यावर कळस चढवला. 'शोगुन' म्हटलं की जगाला आधी ती चिलखतं, ते धुकं आणि त्या खोल्यांमधला अंधार आठवतो, हा काही योगायोग नाही.

पण मला हेवा वाटतो तो मतदानाच्या पद्धतीचा. एमी देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीचे सभासद वीस हजारांहून अधिक आहेत आणि ते तीसेक व्यवसायगटांत विभागलेले आहेत. संकलनाची नामांकनं संकलक ठरवतात, छायालेखनाची छायालेखक, केशरचनेची केशरचनाकार. कोणता कट अवघड होता आणि कोणता नुसताच चकचकीत होता, हे ज्याला कळतं त्याच्याच हातात मत. दुसरी गोष्ट म्हणजे हे पुरस्कार एका वाहिनीचे नाहीत. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या एकमेकांच्या उरावर बसलेल्या चार वाहिन्या मुख्य सोहळा आळीपाळीनं दाखवत आल्या आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या मालिकेला आपल्या पडद्यावर पुरस्कार मिळताना बघणं त्यांना गोड लागत असेल असं नाही, पण दाखवतात.

त्यांचं सगळंच आलबेल आहे असंही नाही. क्रिएटिव्ह आर्ट्सचा सोहळा टीव्हीवर कापून-छाटून दाखवला जातो, गाजावाजा मुख्य रात्रीचाच होतो, आणि आम्हाला बाजूच्या रात्री बसवलं ही कुरकुर तिथेही आहे. 2009 मध्ये मुख्य सोहळ्यातले आठ पुरस्कार आधी चित्रित करून तुकड्या-तुकड्यांत दाखवायचा घाट घातला गेला, तेव्हा लेखक-दिग्दर्शकांच्या संघटना उखडल्या आणि तो बेत बासनात गेला. ऑस्करनं 2022 मध्ये संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन यांसह आठ पुरस्कार प्रक्षेपणाआधी उरकले आणि इतकी टीका ओढवून घेतली की पुढच्याच वर्षी ते परत मुख्य कार्यक्रमात आणावे लागले. तिथेही भांडावं लागतं. फरक इतकाच की भांडायला तिथे पुरस्कार आहेत.

एमी म्हटलं की आपल्याकडे 'दिल्ली क्राइम' आठवते. 2020 मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेची एमी मिळाली, 2023 मध्ये वीर दास यांना विनोदासाठी मिळाली. ती आंतरराष्ट्रीय एमी. ती संस्था वेगळी, न्यूयॉर्कची, आणि तिथे मालिकांना व कलाकारांनाच पुरस्कार असतात; छायालेखन-संकलनाला नसतात. त्यामुळे तिकडून आम्हाला काही मिळेल या भ्रमात आम्ही नाही.

आणि मला वाटतं, त्यासाठी अमेरिकेला जायची गरजही नाही. तंत्रज्ञाला नावानिशी मान देण्याची रीत मराठीत जुनी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांची बक्षिसं पिढ्यान् पिढ्या दिली जातात, आणि सांगली-नगर-रत्नागिरीकडच्या किती तरी मुलांच्या घरी त्याची प्रमाणपत्रं भिंतीवर लावलेली सापडतील. राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत कलादिग्दर्शनाचा पुरस्कार प्रभातच्या साहेबमामा फत्तेलाल यांच्या नावानं आहे, छायालेखनाचा पांडुरंग नाईक यांच्या. म्हणजे नाटकात प्रकाशयोजनेचं बक्षीस घेतलेला मुलगा सिनेमात गेला तर त्याच्यासाठी पुरस्कार आहे. मालिकेत आला, जिथे त्याला रोजचं काम मिळतं, तिथे तो 'लाइटवाला दादा' होतो. हिंदीत 2001 पासूनच्या इंडियन टेली अवॉर्ड्समध्ये तांत्रिक विभाग होते. मराठीत काही वृत्तपत्रं आणि संस्था सगळ्या वाहिन्यांच्या मालिका विचारात घेऊन पुरस्कार देतात, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण मालिकेची सूत्रं तुमच्या हातात आहेत, तेव्हा दाद तुमच्याकडून मिळाली तर तिचं वजन वेगळं.

2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात 'लंपन' या मराठी वेब मालिकेला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला. आम्हा सगळ्यांना आनंद झाला, प्रकाश नारायण संतांचा लंपन पडद्यावर आला आणि देशात पहिला आला. पण त्या पुरस्कारातही मालिकेचं कौतुक एकगठ्ठा होतं. सीमाभागातल्या त्या गावाचा उजेड कुणाचा, ते घर कुणी उभं केलं, हे वेगळं सांगायची सोय त्यात नाही.

तुमच्या सोहळ्यातली मोठी गंमत अजून सांगितलीच नाही. वर्षभरात तुम्ही तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अवघड असं जे काही करता, ते म्हणजे हा सोहळाच असतो. बाहेर ओबी व्हॅन उभी असते. आत भिंतभर मॉनिटर, डझनभर कॅमेरे, एक जिब, आणि मध्यभागी ऑनलाइन एडिटर बसलेला. नाचातली कोणती ओळ कोणत्या कॅमेऱ्यावर जाईल हे त्याला आधीच पाठ असतं, आणि विजेत्याचं नाव पुकारलं जाण्याच्या अर्धा सेकंद आधी त्याच्या बोटाखाली चार चेहऱ्यांची चार बटणं असतात. हरलेल्या नायिकेच्या चेहऱ्यावर कट करायचा, पण हसू मावळायच्या आत बाहेर पडायचं. याला कौशल्य लागतं आणि थोडी दयाही लागते. वर कॅटवॉकवर फॉलोस्पॉट धरून दोन मुलं संध्याकाळपासून उभी असतात. एमीमध्ये अशा विशेष कार्यक्रमांच्या तांत्रिक दिग्दर्शनाला आणि कॅमेरा चमूला स्वतंत्र पुरस्कार आहे. तुमच्या सोहळ्यात मात्र सोहळा घडवणाऱ्यांना त्या रात्री जेवणाचं कूपन मिळतं.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, मीटिंगमध्ये ऐकलेलं आहे. 'प्रेक्षकाला यात काय रस?' अहो, पडद्यामागच्या रील्सना तुमच्याच अधिकृत पानांवर किती लोक बघतात ते तुमची डिजिटल टीम सांगेल. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका पाहून लोक आकेरीचा वाडा शोधत सिंधुदुर्गात जात होते. जागेनं, अंधारानं आणि आवाजानं जी भीती घातली तिच्यामागे जात होते. जुलै 2023 मध्ये चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला तेव्हा ती बातमी देशभर चालली, आणि सेटवर दोनशेच्या वर माणसं काम करत असतात हे बऱ्याच प्रेक्षकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बिबट्या येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. 'आभाळमाया' या मालिकेचं शीर्षकगीत आजही लोकांच्या तोंडी आहे आणि मंगेश कुलकर्णी, अशोक पत्की, देवकी पंडित ही नावं सांगणारेही भेटतात, कारण तेव्हा ती नावं वाचता येतील इतका वेळ पडद्यावर थांबत होती. आताची श्रेयनामावली असलीच तर अशी पळते की माझं नाव मलाच पॉज करून शोधावं लागतं, आणि ती पट्टी टाकणारा मीच असतो.

दुसरं म्हणणं असतं, 'वेळ कुठे आहे?' तीन-साडेतीन तासांच्या कार्यक्रमात एका नाचाला सात मिनिटं लागतात. एक नाच कमी करा. सात मिनिटांत पाच तंत्रज्ञ येऊन जातात, आणि त्यांना भाषणं करायची सवय नसल्यामुळे ते सात मिनिटंसुद्धा घेणार नाहीत.

आता मागणी. प्रत्येकानं आपापल्या घरात एकेक ध्वनी-पुरस्कार वाढवावा, एवढ्यानं भागणार नाही. स्वतःच्या पाच-सहा मालिकांतून निवडलेला उत्कृष्ट छायालेखक म्हणजे एकाच वर्गात काढलेला पहिला नंबर. तुम्ही सगळ्या वाहिन्यांनी मिळून तांत्रिक कामगिरीचा एकच सामाईक पुरस्कार सुरू करा. छायालेखन, प्रकाशयोजना, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा व केशरचना, पार्श्वसंगीत. एवढ्यानं सुरुवात पुरे. निवड संबंधित कामाच्या माणसांनी करावी. छायालेखकांच्या, संकलकांच्या, ध्वनिमुद्रकांच्या संघटना इथे मुंबईतच आहेत, त्यांचे दरवाजे ठोठावा. स्वतःच्या मालिकेला मत द्यायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी लिहून काढा, नाहीतर आम्हीही माणसंच आहोत. रोजच्या मालिकेचं काम आणि साप्ताहिक किंवा वेब मालिकेचं काम एकाच तराजूत तोलू नका. दिवसाला वीस मिनिटांचं फुटेज काढणाऱ्या युनिटला आठवड्यात तेवढं काढणाऱ्या युनिटशी लढवण्यात अर्थ नाही. आणि हा कार्यक्रम दर वर्षी एका वाहिनीनं दाखवावा, आळीपाळीनं, पूर्ण, रात्री नवाच्या स्लॉटला. रविवारी दुपारी दोनला टाकायचा असेल तर राहू द्या.

खर्चाचं म्हणाल, तर सेट आम्ही उभारू, लाइट आम्हीच लावू, आणि कार्यक्रम वेळेत कापून देण्याची हमी मी घेतो. परीक्षक म्हणून मानधन न घेता येणारे पंधरा-वीस संकलकही जमवून देतो. तेवढी पहिली बैठक तुम्ही बोलवा. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल. रविवारी महाएपिसोड असतो.

आपला,
एक मालिका-संकलक,
अंधेरी, मुंबई